विषाणू, बुरशी आणि यकृत : एका गाठीचे दोन कर्ते

धागाकर्ता : तळटीप

घरात कोणाला कर्करोग झाला की पहिला प्रश्न येतो, "कशामुळे झाला?" हा प्रश्न एकवचनी असतो. तंबाखूमुळे, दारूमुळे, काविळीमुळे, अशी एकच तृतीया विभक्ती आपल्याला उत्तरात हवी असते. शरीराने या व्याकरणाशी बांधून घेतलेले नाही, आणि त्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा यकृताच्या कर्करोगात मिळतो, असे मला अनेक दिवस वाटत आले आहे. त्यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी कर्करोगाविषयी दोन तट पडले होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस यांनी १९११ साली कोंबडीच्या गाठीचा रस पेशी अडतील इतक्या बारीक गाळणीतून काढला, तो दुसऱ्या कोंबडीला टोचला आणि तिलाही गाठ आली. म्हणजे गाळणीतून पार होणारे, पेशीहून पुष्कळ लहान असे काहीतरी कर्करोग घडवू शकत होते. चारच वर्षांनी जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्महिने डांबर चोळून कर्करोग निर्माण केला. एका बाजूला विषाणू आणि दुसऱ्या बाजूला रसायन उभे राहिले, आणि पुढे अनेक वर्षे दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांच्या गावाला जात नव्हते.

ती सरहद्द ओलांडली ती पुन्हा राउस यांनीच. रिचर्ड शोप यांनी १९३३ साली अमेरिकेतील रानटी सशांच्या अंगावर शिंगांसारख्या वाढणाऱ्या चामखिळींमागे विषाणू असल्याचे दाखवले होते. राउस आणि जॉन किड यांनी पाळीव सशांच्या कानांना आधी डांबर चोळले आणि मग हा विषाणू कानांवर न लावता रक्तात सोडला. रक्ताबरोबर तो सर्व अंगभर गेला असणार. तरीही जिथे डांबर लागले होते त्याच कातडीवर वाढी उगवल्या, आणि त्यांतून नुसत्या डांबराने लागतो त्याहून फारच थोड्या काळात कर्करोग निर्माण झाले. हा प्रयोग मला प्रयोगशास्त्रातील देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो, कारण विषाणू सर्वत्र असूनही गाठ कुठे येईल हे डांबराने ठरवले आणि गाठ किती लवकर येईल हे विषाणूने.

आता सशांकडून माणसांकडे येऊ. चीनमध्ये यांगत्से नदीच्या मुखाजवळ चीदोंग नावाचा परगणा आहे. तेथे यकृताचा कर्करोग इतका होता की चाळिशी-पन्नाशीतील कर्ते पुरुष त्याने जात. तेथे दोन गोष्टी एकत्र नांदत होत्या. एक म्हणजे हेपटायटिस बी हा विषाणू, जो पुष्कळांना जन्मतःच आईकडून मिळे. दुसरी म्हणजे मका. उष्ण आणि दमट हवेत साठवलेल्या मक्यावर अस्पर्जिलस फ्लेव्हस ही बुरशी चढते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. या विषाची ओळख जगाला १९६० साली इंग्लंडमध्ये झाली. ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड खाऊन तेथे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले होते.

मनुष्याने किती विष खाल्ले हे त्याला विचारून कळत नाही, कारण अफ्लाटॉक्सिन डोळ्यांना दिसत नाही. ही अडचण शांघायमधील एका अभ्यासाने सोडवली. १९८६ ते १९८९ या काळात १८,२४४ मध्यमवयीन पुरुषांचे लघवीचे आणि रक्ताचे नमुने ते निरोगी असतानाच गोठवून ठेवण्यात आले आणि पुढे ज्यांना यकृताचा कर्करोग झाला त्यांचे जुने नमुने बाहेर काढून तपासण्यात आले. ज्यांच्या लघवीत अफ्लाटॉक्सिनच्या खुणा होत्या परंतु विषाणू नव्हता, त्यांचा धोका दोन्ही नसलेल्यांच्या ३.४ पट होता. विषाणू होता परंतु विषाच्या खुणा नव्हत्या, त्यांचा धोका ७.३ पट होता. दोन्ही असलेल्यांचा धोका ५९.४ पट निघाला.

असे का व्हावे? अफ्लाटॉक्सिन स्वतः फारसे काही करत नाही. यकृत त्याचा निचरा करण्यासाठी त्याच्यावर प्रक्रिया करते आणि त्या प्रक्रियेतच एक अतिशय चपळ रूप तयार होते, जे डीएनएमधील ग्वानिन या अक्षराला चिकटते. एरवी पेशी ही चूक दुरुस्त करते. दुरुस्तीपूर्वीच पेशी दुभंगली, तर मात्र चूक पुढच्या पिढीत कायमची छापली जाते. हेपटायटिस बी नेमकी हीच घाई लावतो. यकृताला वर्षानुवर्षे सूज राहते, पेशी मरतात आणि त्यांच्या जागा भरण्यासाठी उरलेल्या पेशी सतत दुभंगत राहतात. शिवाय विषाणू आपल्या डीएनएचे तुकडे पेशीच्या डीएनएत घुसवतो आणि त्याचे एक्स हे प्रथिन दुरुस्तीच्या कामातही ढवळाढवळ करते. विष चूक करते आणि विषाणू ती खोडायला वेळ देत नाही.

या चुकीची जागाही सापडली आहे. पी५३ हे जनुक म्हणजे पेशीचा पहारेकरी; डीएनए बिघडलेल्या पेशीला ते थांबवते किंवा मरायला लावते. १९९१ साली चीदोंगमधील गाठी आणि आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील गाठी अशा दोन स्वतंत्र तपासण्या एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या आणि दोन्हींत या जनुकाच्या २४९व्या ठिकाणी ग्वानिनच्या जागी थायमिन आलेले आढळले. चीदोंगच्या १६ पैकी ८ गाठींत या ठिकाणी बदल होता आणि त्यांपैकी ७ गाठींत तो नेमका हाच होता. हजारो मैल दूर असलेल्या माणसांच्या यकृतात एकाच अक्षराची एकच चूक व्हावी, ही जवळजवळ सहीच म्हणायची.

माझे म्हणणे एवढेच, की अशा जोडीतील "खरा" दोषी कोणता हा प्रश्न चुकीचा आहे. आपली मते वाचायला आवडतील.

प्रतिसाद : गणितगप्पा

लेख उत्तम. आकड्यांविषयी दोन शब्द लिहितो, कारण "पट" हा शब्द आपण सर्रास वाचतो परंतु त्याची बेरीज कशी करायची हे क्वचितच सांगितले जाते.

विष आणि विषाणू यांनी आपापले काम वेगवेगळे केले असते, तर दोन्ही असलेल्यांचा धोका ३.४ आणि ७.३ यांच्या बेरजेतून मूळचा १ वजा केल्यावर येतो तितका, म्हणजे ९.७ पट असता. एकाने दुसऱ्याचा परिणाम गुणला असता, तर तो सुमारे २५ पट झाला असता. प्रत्यक्षात आला ५९. म्हणजे हा परिणाम गुणाकारालाही ओलांडतो. मात्र या अभ्यासात कर्करोग झालेले पुरुष ५० होते आणि ते चार गटांत वाटले गेले. त्यामुळे ५९ या आकड्याभोवतीची अनिश्चितता साधारण १७ ते २१२ इतकी रुंद आहे. १७ हा आकडा बेरजेच्या वर आहे, परंतु गुणाकाराच्या खाली आहे. बेरजेची कल्पना या अभ्यासाने मोडीत निघते, हे मी निःशंकपणे म्हणेन. गुणाकाराच्याही पुढे जाणारा परिणाम सिद्ध झाला, असे म्हणायला मी धजावणार नाही.

यातून निघणारी एक गोष्ट वर्गात सांगितली की विद्यार्थी हमखास गोंधळतात. अशा जोडीत "इतके टक्के रोग विषाणूमुळे" आणि "इतके टक्के विषामुळे" असे दोन आकडे काढले, तर त्यांची बेरीज शंभराच्या वर जाऊ शकते. त्यात चूक काही नाही. दोन्ही असलेल्या माणसाचा रोग विषाणू काढल्याने टळला असता आणि विष काढल्यानेही टळला असता, म्हणून तो दोन्ही खात्यांवर लिहिला जातो.

प्रतिसाद : बांधावरून

आमच्याकडे भुईमूग होतो, म्हणून विचारतो. खवट दाण्यांनी कर्करोग होतो असे हल्ली मोबाईलवर फिरत असते. त्यात तथ्य किती? दाणे भाजले की विष जाते का? आणि घाण्याच्या तेलाचे काय?

प्रतिसाद : तळटीप

बांधावरून दादा, खवट आणि बुरशी लागलेला दाणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाण्यातील तेलाचा हवेशी संयोग होऊन तो खवट होतो. बुरशी मात्र ओलाव्याने चढते. खवट दाण्यात अफ्लाटॉक्सिन असेलच असे नाही आणि चवीला गोड लागणाऱ्या दाण्यात ते नसेलच असेही नाही. तरीही सुरकुतलेले, रंग बदललेले आणि फुटके दाणे निवडून काढण्याची आपल्या घरांतील जुनी सवय अगदी योग्य आहे, कारण विष सर्व दाण्यांत सारखे पसरलेले नसते, थोड्याच दाण्यांत पुष्कळ साठलेले असते.

हे विष उष्णतेला दाद देत नाही. भाजल्याने काही प्रमाणात कमी होते, परंतु शिजवण्याने ते संपत नाही. तेल काढताना त्याचा मोठा भाग पेंडीत राहतो. तेलात जो अंश उतरतो तो कारखान्यातील शुद्धीकरणात निघून जातो, घाण्याच्या तेलात मात्र ती पायरी नसते, त्यामुळे तेथे दाणा कसा वाळवला आणि निवडला यावर सर्व काही अवलंबून असते. पेंड जनावरांच्या पोटात गेली की विषाचे एक रूप दुधात उतरते, म्हणून आपल्याकडे दुधासाठीही किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमची कायदेशीर मर्यादा आहे.

आपल्या शेजारी याचा तीव्र अनुभव १९७४ साली येऊन गेला आहे. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत अवेळी पावसाने भिजलेला मका खाऊन ३९७ माणसांना काविळीने गाठले आणि त्यांपैकी १०६ दगावली. तो कर्करोग नव्हता, सरळ विषबाधा होती. पुढे २००४ साली केनियात अशीच साथ आली आणि १२५ माणसे मेली. त्या साथीत आजारी पडलेल्यांमध्ये हेपटायटिस बी असण्याचे प्रमाण निरोगी शेजाऱ्यांपेक्षा अधिक आढळले. म्हणजे ही जोडी कर्करोगापुरतीही मर्यादित नाही.

प्रतिसाद : सांजवात

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही या विषाणूमुळे होतो हे आता सर्वांना माहीत झाले आहे. त्यातही असा दुसरा भिडू असतो का? आमच्या भागात बायका सर्रास मिश्री लावतात, त्यामुळे विचारते आहे.

प्रतिसाद : तळटीप

सांजवात ताई, हा प्रश्न मूळ लेखातच यायला हवा होता.

हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी १९८३ साली एचपीव्ही १६ हा प्रकार गर्भाशयमुखाच्या गाठींत दाखवला. हा विषाणू नसेल तर हा कर्करोग जवळजवळ होतच नाही, आणि तरीही विषाणू लागलेल्या बहुसंख्य स्त्रियांना तो कधीच होत नाही, कारण एक-दोन वर्षांत शरीर त्याला हुसकावून लावते. ज्यांच्यात तो ठाण मांडतो त्यांच्यात पुढे काय होते, यावर इतर गोष्टींचा प्रभाव पडतो. धूम्रपान त्यांपैकी एक आहे. विषाणू असलेल्या स्त्रियांचीच आपसांत तुलना केली तरी धूम्रपान करणाऱ्यांचा धोका सुमारे दुप्पट दिसतो, आणि तंबाखूतील द्रव्ये गर्भाशयमुखाच्या स्रावात प्रत्यक्ष सापडलेली आहेत. सात किंवा त्याहून अधिक बाळंतपणे हाही एक भिडू आहे, आणि ते काही रसायन नव्हे.

येथे पहारेकऱ्याची गोष्ट उलटी होते, ती मला फार रोचक वाटते. यकृतात पी५३ला विष मारते. गर्भाशयमुखात विषाणूचे ई६ हे प्रथिन पी५३ला थेट नष्ट करवते आणि ई७ हे दुसऱ्या पहारेकऱ्याला अडकवून ठेवते. पहारा उठल्यावर धुरातील रसायनांनी केलेल्या चुकांना अडवायला कोणी उरत नाही. भूमिका बदलल्या, नाटक तेच.

मिश्रीविषयी मात्र मी जपून लिहितो. बिनधुराच्या तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो हे पूर्णपणे सिद्ध आहे आणि मिश्री सोडण्यासाठी तेवढे कारण पुरेसे आहे. गर्भाशयमुखाबाबतचा भक्कम पुरावा धुराच्या तंबाखूचा आहे. तोंडाच्या कर्करोगातही आपल्याकडे मुख्य कर्ता तंबाखू आणि सुपारीच आहे. घशाच्या मागील भागातील जो कर्करोग अमेरिकेत आणि युरोपात एचपीव्हीमुळे वाढतो आहे, त्याच्याशी त्याची गल्लत करू नये.

प्रतिसाद : वैनगंगा

सांजवात यांच्यासाठी थोडी भर घालते. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने मोठी चाचणी झाली होती आणि तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने, आणि त्यात काही आढळल्यास दिलेल्या उपचाराने, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आले. दुसरा भिडू कोण हे शोधत बसण्यापूर्वी पहिल्याला गाठता येते, एवढेच सांगायचे आहे.

प्रतिसाद : उलटतपासणी

मला या सर्व मांडणीत एक धोका दिसतो. "विषाणू अधिक रसायन" ही कल्पना इतकी सोयीची आहे की कोणताही विषाणू आणि कोणतेही रसायन जोडून कथा रचता येते. एसव्ही४० आणि ॲस्बेस्टॉस यांचे काय झाले ते आठवावे. माकडांचा हा विषाणू १९५५ ते १९६३ या काळातील काही पोलिओ लसींत अनवधानाने राहून गेला होता. १९९४ साली ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाच्या आवरणाला होणाऱ्या कर्करोगात तो सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि दोघे मिळून हा रोग घडवतात असे सिद्धान्त आले. पुढे उघड झाले की अनेक प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या डीएनएच्या साधनांतच एसव्ही४०चे तुकडे असतात आणि चाचणी त्या भेसळीलाच "सापडला" म्हणत होती. त्या लसी घेतलेल्या लोकसमूहांतही हा कर्करोग वाढल्याचे दिसले नाही. म्हणून माझे मत असे, की विषाणू गाठीत निर्विवाद सापडल्याशिवाय त्याच्यावर आरोपपत्र ठेवू नये.

प्रतिसाद : तळटीप

आपला इशारा मान्य आहे आणि एसव्ही४०चे उदाहरण अगदी समर्पक आहे. परंतु चीदोंगची बाजू केवळ गाठीत काय सापडले यावर उभी नाही. यकृताच्या बाबतीत जोडीतील एकेकाला बाहेर काढून पाहण्याची संधी इतिहासाने दिली.

तैवानने १९८४ साली विषाणूवाहक मातांच्या नवजात बालकांना हेपटायटिस बीची लस देण्यास आरंभ केला आणि दोन वर्षांत ती सर्व बालकांना लागू केली. ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण पूर्वी लाखामागे ०.७० होते, ते १९९० ते १९९४ या काळात ०.३६वर आले. चीदोंगमध्ये उलट बाजूने घडले. १९८०च्या दशकात तेथील लोकांना बाजारातून तांदूळ मिळू लागला आणि मक्याचे जेवण मागे पडले. रक्तातील अफ्लाटॉक्सिनच्या खुणा घटत जाऊन पुढे जवळजवळ नाहीशा झाल्या, आणि तरुण वयोगटांतील यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू लक्षणीय उतरले. चीदोंगमध्ये लसीचा लाभ मिळालेली मुले तेव्हा त्या वयाला पोहोचलीही नव्हती. एकीकडे विषाणू काढला, दुसरीकडे विष काढले, आणि रोग दोन्हीकडे उतरला.

प्रतिसाद : सांजवात

माझ्या चुलतभावाला रक्तदानाच्या वेळी हेपटायटिस बी असल्याचे कळले. तो ठणठणीत आहे. हे वाचून त्याला दाणे वर्ज्य करायला सांगू का?

प्रतिसाद : वैनगंगा

दाण्यांपूर्वी त्याला यकृततज्ज्ञांकडे पाठवा, ताई. रक्तातील विषाणूचे प्रमाण आणि यकृताची स्थिती पाहून औषधे लागतात की नाही हे ते ठरवतील. विषाणूला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या आज उपलब्ध आहेत आणि त्यांनी कर्करोगाचा धोका कमी होतो. कोणाला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते. घरातील सर्वांची तपासणी आणि लसीकरण करून घ्यावे. दारू हा या विषाणूचा आणखी एक जोडीदार आहे, तेव्हा ती पूर्ण बंद. निवडलेले, कोरडे दाणे खायला हरकत नाही. आपल्या देशात बालकांना ही लस २००२पासून काही भागांत आणि २०११पर्यंत सर्वत्र मिळू लागली; त्यापूर्वी जन्मलेल्या मोठ्यांनी आपली तपासणी झाली आहे असे गृहीत धरू नये.

प्रतिसाद : गोठा

मी पशुवैद्यक आहे, आणि उलटतपासणी यांच्या शेवटच्या वाक्यावर माझी हरकत आहे.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गुरांना अन्ननलिकेचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर होत असे. ग्लासगोचे विल्यम जॅरेट यांनी १९७८ साली मांडले की ज्या गुरांना तो होतो त्यांच्या अन्नमार्गात विषाणूजन्य चामखिळी असतात आणि ती गुरे ब्रॅकन नावाचे नेचे खाल्लेली असतात. पुढे चामखिळीचा तो विषाणूही ओळखला गेला. चांगल्या कुरणातील गुरांना हा विषाणू लागला, तर चामखिळी काही महिन्यांत आपोआप गळून जातात. नेचे खाणाऱ्या गुरांत ते होत नाही, कारण त्या वनस्पतीतील द्रव्ये प्रतिकारशक्ती खच्ची करतात आणि डीएनएही बिघडवतात. चामखिळी वाढतात, पसरतात आणि त्यांतील काही कर्करोगात बदलतात. विषाणू टोचून आणि नेचे खाऊ घालून केलेल्या प्रयोगांतही हे दिसले आहे.

आता गंमत पाहा. चामखिळींत विषाणूचा डीएनए भरपूर सापडतो, परंतु त्याच जनावराच्या कर्करोगात तो सापडत नाही. विषाणूने सुरुवात करून दिली आणि नंतर त्याची गरज उरली नाही. आपल्या नियमाने तो निर्दोष सुटला असता.

प्रतिसाद : उलटतपासणी

गोठा यांचे उदाहरण मला ठाऊक नव्हते आणि त्याने माझा नियम मोडतो, हे मान्य करतो. तरीही एक फरक नोंदवतो. गुरांच्या बाबतीत विषाणू टोचून, चारा बदलून आणि वर्षानुवर्षे वाट पाहून खातरजमा करता आली. माणसांवर असा प्रयोग करता येत नाही, म्हणून तेथे गाठीतील पुरावा नसेल तर तैवान किंवा चीदोंगसारखे काहीतरी घडून यावे लागते. तोपर्यंत गाठीत नसलेल्या विषाणूला मी संशयित म्हणेन, दोषी म्हणणार नाही.

प्रतिसाद : तळटीप

यावर माझी सहमती आहे. राउस यांच्या पाळीव सशांतही हेच कोडे होते. चामखिळीचा कर्करोग झाला की त्यातून विषाणू पुन्हा मिळवणे अतिशय कठीण जाई, आणि तेव्हाचे संशोधक म्हणत की तो मुखवटा घालून बसला आहे. सशांच्या बाबतीत ते शब्दशः खरे निघाले. नंतरच्या काळातील साधनांनी त्या कर्करोगांत विषाणूचा डीएनए दाखवून दिला. गुरांत मात्र मुखवट्यामागे कोणीच नव्हते.